जांभ्याच्या घरात वाय-फाय माडीपर्यंत पोहोचत नाही : राउटर बदलावा की केबल ओढावी?

मागीलदार

नमस्कार. आमचे घर चिपळूणजवळच्या एका गावात आहे. बांधकाम जुने, जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे. बाहेरच्या आणि माजघराच्या भिंती दीड फूट जाडीच्या आहेत, वर लाकडी तक्तपोशीची माडी आहे आणि मागच्या अंगाला नंतर वाढवलेला स्लॅबचा भाग आहे. गावात फायबर आले तेव्हा आम्ही २०० एमबीपीएसची जोडणी घेतली. कंपनीने दिलेला पांढरा बॉक्स ओटीवर, रस्त्याकडच्या खिडकीशेजारी बसवला, कारण केबल तिथूनच आत येत होती.

ओटीवर मोबाइलवर वेग मोजला तर १८० ते १९० दिसतो. माजघरात तो ३०-४० वर येतो. माडीच्या मागच्या खोलीत माझी मुलगी पुण्यातल्या कार्यालयाचे काम घरून करते. तिथे तो कधी ८, तर कधी ३ भरतो आणि व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो. आणखी एक गोष्ट मला कोड्यात टाकते. घरात पडून असलेली जुनी केबल बॉक्सला लावून लॅपटॉपवर मोजले, तर दर वेळी ९४ च्या आसपासच आकडा येतो, त्याहून कमीही नाही आणि जास्तही नाही. केबलने वाय-फायच्या निम्माच वेग मिळावा, हे कसे?

जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाने रिपीटर घ्यायला सांगितले, दुकानदार मेश संच सुचवतो आणि भाचा म्हणतो की वाय-फाय ६ चा राउटर घेतला की सगळे प्रश्न मिटतील. यांतले प्रत्येक उपकरण नेमके काय करते हे समजून घेतल्याशिवाय मला पैसे घालायचे नाहीत. कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.

तारायंत्री

मागीलदार, आपण जागोजागची मोजमापे दिलीत हे फार चांगले केलेत, कारण त्यांतच बरेचसे उत्तर आहे. ओटीवरचा तो बॉक्स एक उपकरण दिसत असला तरी त्यात चार वेगवेगळी उपकरणे एकत्र बसवलेली असतात. पहिले ओएनटी, जे काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करते. दुसरे राउटर, जे घरातल्या सगळ्या उपकरणांना अंतर्गत पत्ते वाटते आणि बाहेरच्या जगाशी त्या सर्वांच्या वतीने एकाच पत्त्याने व्यवहार करते. तिसरे स्विच, म्हणजे मागच्या बाजूचे केबल लावण्याचे पोर्ट. चौथे ॲक्सेस पॉइंट, जे केबलवरची माहिती रेडिओ लहरींवर चढवते आणि लहरींवरून आलेली माहिती उतरवून घेते. ओटीवर १९० मिळतो याचा अर्थ पहिले दोन भाग आणि कंपनीची जोडणी चोख आहे. अडचण चौथ्या भागाच्या पुढे, म्हणजे लहरी आणि भिंती यांच्यात आहे. म्हणून अधिक वेगाची योजना घेतल्याने माडीवर काहीही फरक पडणार नाही, हे आधी मनाशी पक्के करावे.

बाहेरच्या बाजूचेही थोडे सांगतो, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. भारतात घरगुती फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचे असते. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत स्प्लिटरने विभागला जाऊन साधारण ३२ किंवा ६४ घरांपर्यंत पोहोचतो. त्यावर घराकडे येणारी माहिती १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने येते आणि घरातून जाणारी १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाने जाते. त्यामुळे दोन्ही दिशांची वाहतूक एकाच तंतूवरून, एकमेकींत न मिसळता चालते. या सर्व घरांना मिळून येताना सुमारे २.५ गिगाबिट आणि जाताना सुमारे १.२५ गिगाबिट क्षमता असते. खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, आणि ग्रामीण भागात या पद्धतीचा तो मोठा गुण आहे. बॉक्सच्या माहितीपानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात (आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त) दाखवलेली असते. ती उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी लागते. उणे २५ च्या खाली घसरू लागली की जोड अस्वच्छ आहे किंवा तंतूला कुठेतरी तीव्र बाक आला आहे असे समजून तक्रार नोंदवावी. लाल एलओएस (‘लॉस ऑफ सिग्नल’) दिवा लागला तर प्रकाशच येत नाही, मग घरातल्या राउटरशी कितीही खटपट केली तरी ती व्यर्थ असते.

आता ९४ चे कोडे. हा आकडा पाहिला की या कामातल्या माणसाला उत्तर लगेच कळते. केबलची जोडणी १०० एमबीपीएसवर बांधली गेली की माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरचे पत्ते, शीर्षके आणि मधली मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष वापराला साधारण ९४ उरतात; गिगाबिट जोडणीत तसेच ९४० उरतात. १०० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधल्या आठ तारांपैकी चारच पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. एखादी तार तुटली असेल, टोकाचे कनेक्टर नीट दाबून बसवलेले नसेल किंवा केबलच चार तारांची असेल, तर दोन्ही उपकरणे कुरकुर न करता १०० वर उतरतात आणि वापरणाऱ्याला काहीही सांगत नाहीत. दुसरी शक्यता पोर्टची आहे. अनेक बॉक्सना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे. म्हणून कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रतीची नवी, आखूड केबल घेऊन प्रत्येक पोर्टवर पुन्हा मोजून पाहावे.

एककांविषयीही सांगून ठेवतो. योजनेतले २०० हे मेगाबिट आहेत. संगणकावर फाइल उतरवताना दिसणारा आकडा मेगाबाइटचा असतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे सेकंदाला २५ मेगाबाइट दिसले तर तो आपला पूर्ण वेग आहे.

अनुनाद

तारायंत्री यांनी केबलची बाजू मांडली आहे, मी लहरींची मांडतो.

आपल्या बॉक्समधून दोन पट्ट्यांवर लहरी निघतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्यातल्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर, दुसऱ्यातल्या लहरीची त्याच्या निम्म्याहून कमी. वारंवारिता वाढली की भिंतीतून जाताना होणारी घट सर्वसाधारणपणे वाढते. उलट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे. भारतात २०१८ साली त्यातला मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला, त्यामुळे ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिन्या, म्हणजे पट्ट्याचे तुकडे, वापरून जास्त वेग मिळवता येतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११; शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच वावरतात. ओटीवर १९० मिळतो तो ५ गिगाहर्ट्झवर आणि माडीवर ८ मिळतो तो बहुधा २.४ वर. मधल्या भिंतींपाशी मोबाइल एक पट्टा सोडून दुसरा धरत असणार.

जांभ्याची भिंत ही बिनतारी जाळ्यापुढची अवघड भिंत आहे. ती जाड आहेच, पण शिवाय जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात ओल धरतो, आणि पाणी या लहरींची ऊर्जा शोषून घेते. त्यामुळे मे महिन्यात कसेबसे चालणारे वाय-फाय आषाढात बंद पडल्यासारखे वाटले तर नवल नाही. मागच्या स्लॅबमधल्या सळयांची जाळी लहरी परतवते, लोखंडी कपाट आणि पत्राही तेच करतात. लाकडी तक्तपोशीतून मात्र लहर बऱ्यापैकी पार होते. आपल्या घराच्या बाबतीत हाच आशेचा भाग आहे.

वेगाच्या आकड्याऐवजी लहरीची ताकद मोजावी. मोबाइलवर वाय-फाय तपासणारे एखादे विनामूल्य ॲप घेतले की ती डीबीएममध्ये दिसते. उणे ५० उत्तम आणि व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७५ नंतर त्रास सुरू होतो आणि उणे ८५ ला जोडणी नावापुरती उरते. हे मोजमाप गुणोत्तराचे असते. ३ ने घट म्हणजे ताकद निम्मी, १० ने घट म्हणजे दहावा हिस्सा. दर खोलीत दोन्ही पट्ट्यांचे आकडे एका कागदावर घराच्या नकाशात लिहून काढले, तर कुठे काय लागेल हे बऱ्याच अंशी तो कागदच सांगतो.

भाच्याच्या सल्ल्याविषयी. १९९७ साली पहिले प्रमाण आले तेव्हा वाय-फायचा वेग २ एमबीपीएस होता. २००९ चे ८०२.११एन, २०१३ चे एसी आणि २०२१ चे एएक्स हे पुढचे टप्पे, ज्यांना २०१८ पासून वाय-फाय ४, ५ आणि ६ असे सोपे क्रमांक मिळाले. वाय-फाय ६ अनेक उपकरणे एकाच वेळी बोलू लागली असता वेळेची वाटणी चांगली करते आणि वाय-फाय ५ च्या उलट ते २.४ च्या पट्ट्यावरही चालते. हे गुण खरे आहेत, पण दीड फूट जांभ्यातून लहर पलीकडे नेण्याचे सामर्थ्य त्यामुळे येत नाही. खोक्यावर ‘एसी १२००’ असे लिहिलेले असते तो आकडा ३०० आणि ८६७ या दोन पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांची गोळाबेरीज असते. आपला फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय राउटर कितीही जोरात बोलला तरी फोनला उत्तर द्यायचे असते आणि फोनचा प्रक्षेपक दुबळा असतो. ‘सगळ्या दांड्या दिसतात पण चालत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथे असते.

भिंतींवरून परतणाऱ्या लहरी पूर्वी निव्वळ उपद्रव समजल्या जात. अनेक अँटेना वापरून, वेगवेगळ्या वाटांनी पोहोचणाऱ्या लहरींवर एकाच वारंवारितेत स्वतंत्र माहिती पाठवता येते, ही कल्पना स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे आरोग्यस्वामी पॉलराज यांनी मांडली, आणि त्यांचे व थॉमस कैलथ यांचे संयुक्त पेटंट १९९४ साली मंजूर झाले. पॉलराज भारतीय नौदलातून तिकडे गेलेले, तर कैलथ यांचा जन्म पुण्याचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातले. ८०२.११एन पासून बहुतेक वाय-फाय राउटर याच तत्त्वावर चालतात, आणि मराठी वाचकांना हे माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

दहिसरकर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. आमच्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये दोन नगांचा मेश संच, म्हणजे आपसांत बिनतारी बोलून मिळून एकच जाळे करणारे दोन ॲक्सेस पॉइंट, बसवला आणि कुठेही केबल न ओढता सर्व खोल्यांत १०० च्या वर वेग मिळतो. गृहसंस्थेत भिंती फोडायला परवानगी मिळत नाही आणि भाड्याच्या घरात तर विचारायलाच नको. त्यामुळे मेशला सरसकट नाकारू नये.

आमच्याकडे खरा त्रास शेजाऱ्यांच्या जाळ्यांचा होता. ॲपमध्ये पाहिले तेव्हा २.४ च्या पट्ट्यात वीसहून अधिक नावे दिसली, आणि त्यांतली कित्येक ३, ४, ८ अशा मधल्याच वाहिन्यांवर होती, म्हणजे दोन्हीकडच्यांना अडवणारी. ५ गिगाहर्ट्झवर वाहिनीची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ केल्यावर कमाल वेग कमी झाला, पण कॉल तुटणे थांबले. दाट वस्तीत अरुंद वाहिनी बरी पडते, हे शहरातल्या वाचकांसाठी नोंदवून ठेवतो.

अनुनाद

दहिसरकर, आपले म्हणणे रास्त आहे आणि आपल्या घरासाठी तो निर्णय योग्यच होता. चार-पाच इंचांच्या विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झची लहर बरी जाते, त्यामुळे मेशचे दोन नग एकमेकांशी चांगले बोलू शकतात. मागीलदार यांच्या घरात मात्र दुसरा नग माडीच्या मागच्या खोलीत ठेवला, तर त्याला पहिल्या नगाशी त्याच जांभ्यातून बोलावे लागेल. मग मुलीच्या लॅपटॉपवर ताकदीच्या सगळ्या दांड्या दिसतील, पण ती दिसेल फक्त लॅपटॉप आणि दुसऱ्या नगामधली ताकद. मधला दुवा दुबळाच राहील.

रिपीटरची गत आणखी कठीण. वाय-फायची एक वाहिनी म्हणजे एका वेळी एकानेच बोलायची सभा असते. त्यात रिपीटर राउटरचे प्रत्येक वाक्य ऐकून त्याच वाहिनीवर पुन्हा उच्चारतो, म्हणून उपलब्ध वेळ जवळजवळ निम्मा होतो. दुबळी लहर जिथे पोहोचते तिथेच बहुतेक लोक तो लावतात, आणि मग तो दुबळ्या जोडणीचीच पुनरावृत्ती करतो. लावायचाच असेल तर लहर अजून उणे ६५ च्या आसपास असते अशा मधल्या जागी लावावा. ज्या मेश संचात नगांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी तिसरा, स्वतंत्र रेडिओ असतो त्यात ही वाटणी टळते, मात्र किंमत वाढते.

मागीलदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारायंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे नवी केबल आणून मोजले. पहिल्या पोर्टवर २०० च्या वर वेग आला, दुसऱ्या पोर्टवर पुन्हा ९४. म्हणजे जुनी केबल आणि तो पोर्ट, दोन्ही १०० चेच होते. जुन्या केबलचे टोक उजेडात धरून पाहिले तेव्हा कनेक्टरमध्ये चारच तारा बसवलेल्या दिसल्या.

लहरीची ताकदही मोजली. ओटीवर ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ४५, माजघरात उणे ७०, माडीच्या पुढच्या खोलीत उणे ६६ आणि मागच्या खोलीत उणे ८७. तिथेच २.४ चा आकडा उणे ७८ आहे. ओटीच्या तुळईच्या कडेने माडीवर आणि तिथून वाशांखालून मागच्या खोलीपर्यंत केबल नेता येईल. सगळी मिळून २५ मीटर पुरेल.

तेव्हा केबल ओढण्याचे ठरवतो आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला काय लावावे? आणि मागच्या परड्यात घरापासून ४० मीटरवर आंब्याच्या पेट्या भरण्याची शेड आहे, तिथेही हंगामात इंटरनेट लागते. हीच केबल पुढे शेडपर्यंत नेली तर चालेल का?

तारायंत्री

फार योग्य निर्णय. घर आपले स्वतःचे असेल आणि केबल नेण्याची वाट असेल, तर दोन ठिकाणांमधला दुवा केबलचा ठेवावा आणि बिनतारी भाग फक्त शेवटच्या खोलीपुरता ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. तांब्याची केबल ऋतू पाहत नाही, शेजारी पाहत नाही, आणि एकदा नीट बसवली की वर्षानुवर्षे तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही.

केबल घेताना शुद्ध तांब्याची मागावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल त्याच नावाने विकली जाते. ती वजनाला हलकी लागते, टोकाशी चटकन तुटते आणि तिचा विद्युत रोध जास्त असतो. कॅट ५ई गिगाबिटसाठी १०० मीटरपर्यंत चालते. कॅट ६ ची किंमत फारशी वेगळी नसल्याने तीच घ्यावी. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र ती नेऊ नये. सुरक्षेसाठी आणि संकेतांत येणाऱ्या खरखरीमुळे दोन्ही वेगळ्या वाटेने न्याव्यात, आणि एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे.

दुसऱ्या टोकाला ॲक्सेस पॉइंट लावावा. घरात जुना पण धड राउटर असेल तर तोही चालतो, फक्त त्याचे राउटरपण काढून घ्यावे लागते. पुष्कळ राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असतो. तो नसेल तर आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. मुख्य बॉक्स १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्यावा. मग त्याची डीएचसीपी सेवा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टला न लावता लॅन (घरातल्या उपकरणांसाठीच्या) पोर्टला लावावी. असे केले नाही तर घरात पत्ते वाटणारे दोन जण होतात आणि काही उपकरणे अधूनमधून दिसेनाशी होतात. छताला लावायचा स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट घेतलात तर त्याला वीज त्याच केबलमधून पुरवता येते. त्या पद्धतीचे ८०२.३एएफ हे प्रमाण २००३ सालचे आहे आणि त्यात पुरवठ्याच्या टोकाला एका पोर्टमागे १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते. माडीवर प्लगपॉइंट नसेल तर हाच मार्ग सोयीचा.

वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवावा, वाहिन्या मात्र वेगळ्या ठेवाव्यात. कोणत्या ॲक्सेस पॉइंटशी जोडून घ्यायचे हे फोन स्वतः ठरवतो, राउटर फार तर सुचवू शकतो. म्हणून ओटीवरच्या बॉक्सची प्रक्षेपणशक्ती थोडी कमी केली तर माडीवर गेलेला फोन जुनी दुबळी जोडणी धरून बसत नाही. शक्ती कमी केल्याने जाळे सुधारते हे अनेकांना पटत नाही, पण करून पाहावे.

शेडपर्यंत तांब्याची केबल मात्र नेऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा किती कोसळतात हे आपण जाणताच. दोन इमारतींच्या मधून उघड्यावर गेलेली तांब्याची केबल जवळपास पडलेल्या विजेचा झटका थेट घरातल्या उपकरणांपर्यंत आणते, आणि दोन्ही इमारतींच्या अर्थिंगच्या पातळीत फरक असेल तर वीज न पडताही उपकरणे जळू शकतात. तिथे फायबरच न्यावे. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाश आणि विद्युत संकेत यांचे एकमेकांत रूपांतर करणारे छोटे उपकरण, लावले की झाले. एकाच तंतूवर चालणारी जोडी मिळते, तिच्या दोन नगांवर ए आणि बी असे लिहिलेले असते आणि दोन्ही टोकांना एकसारखे नग लावले तर ती चालत नाही. खांबांवरून येणाऱ्या फायबर केबलीत आधारासाठी पोलादी तार असते आणि ती वीज वाहून नेते, तेव्हा पोलादाऐवजी काचतंतूच्या काड्या असलेली केबल मागावी आणि ती जमिनीखालून पाइपातून न्यावी.

कुंपण

चर्चा उत्तम चालली आहे. सुरक्षेचा विषय आला नाही म्हणून लिहितो, कारण शेडमध्ये हंगामात बाहेरची माणसे येणार आहेत. त्यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे जाळे सुरू करावे, म्हणजे मुलीच्या कार्यालयीन लॅपटॉपपर्यंत कोणी पोहोचणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरलात, तर त्याच्या पाहुण्यांच्या जाळ्यातून मुख्य जाळे दिसत नाही ना, हे मात्र प्रत्यक्ष तपासून घ्यावे, कारण त्या रीतीत काही राउटरमध्ये पाहुण्यांच्या जाळ्याचे वेगळेपण टिकत नाही. संरक्षण पद्धत डब्ल्यूपीए२ पेक्षा जुनी ठेवू नये. सर्व उपकरणांना चालत असेल तर २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए३ निवडावी. बटण दाबून किंवा आठ आकड्यांच्या पिनने जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंदच करावी, कारण त्या पिनमधला दोष २०११ पासून जगजाहीर आहे. बॉक्सच्या व्यवस्थापन पानाचा मूळचा पासवर्डही बदलावा. वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेडमध्ये पुढेमागे कॅमेरा लावाल तेव्हा बाहेरगावाहून तो थेट पत्त्याने दिसणार नाही, अशी शक्यता आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते (आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटवर उपकरण ओळखण्याचे आकडे) जगात सुमारे ४३० कोटीच आहेत आणि आशिया-प्रशांत विभागाचा साठा २०११ सालीच शेवटच्या टप्प्यावर आला. त्यामुळे बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. बॉक्सच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशाने सुरू होत असेल, तर आपण या व्यवस्थेत आहात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट मोकळी करून, काही साधत नाही. कंपनीकडे स्थिर पत्ता मागावा किंवा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, वापरावे.

मागीलदार

बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्याच आकड्याने सुरू होताना दिसतो आहे, म्हणजे कुंपण यांचे अनुमान खरे ठरले. कॅमेऱ्याचा विचार तूर्त पुढे ढकलतो.

माडीपर्यंतची केबल ओढून झाली. आमच्या वायरमनने तुळईच्या कडेने पट्टी मारून ती सुबक बसवून दिली. मागच्या खोलीत ॲक्सेस पॉइंट लावल्यावर वेग १९० च्या पुढे आहे आणि लहरीची ताकद उणे ४० ते ४५. मुलीचे कॉल आता अखंड चालतात. एकच शंका उरली. ती मोठी फाइल कार्यालयाकडे पाठवू लागली की तेवढ्या वेळात कॉलमधला आवाज अडखळतो. वेग तर पुरेसा आहे, मग असे का? आणि वीज गेल्यावर काय करावे, हेही सांगावे.

अनुनाद

आवाज अडखळण्याचे कारण बहुधा रांग हे आहे. आपली पाठवण्याची क्षमता भरली की राउटर जास्तीची पुडकी टाकून न देता साठवत राहतो, आणि आवाजाची छोटी पुडकीही त्या लांब रांगेच्या शेवटी उभी राहतात. वेगाच्या चाचणीत हे दिसत नाही. फाइल पाठवणे चालू असताना पिंग, म्हणजे पुडके जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मोजावे. एरवी १०-२० मिलिसेकंद असलेला आकडा शेकड्यांत गेला तर निदान नक्की झाले. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली ‘कोडेल’ ही रीत मांडली, जी पुडके रांगेत किती वेळ थांबले हे पाहून निर्णय घेते. तिचे सुधारित रूप काही राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ या नावाने मिळते. कंपनीच्या बॉक्समध्ये ते सहसा नसते. तोवर फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगाची मर्यादा, पाठवण्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास, घालून ठेवावी. त्यानेही कॉल स्थिर होतो.

तारायंत्री

विजेचे मी सांगतो. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नसल्याने गावात भारनियमन असले, तरी कंपनीच्या केंद्रातली बॅटरी चालू असेपर्यंत प्रकाश येतच राहतो. म्हणून घरातला बॉक्स आणि माडीवरचा ॲक्सेस पॉइंट यांना वीज मिळाली की इंटरनेट चालू राहते. संगणकासाठीचा मोठा यूपीएस लागत नाही. राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. तो घेण्याआधी आपल्या बॉक्सच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात पण काही ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात. व्होल्टचा आकडा नेमका जुळला पाहिजे. यूपीएसचा अँपिअर आकडा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनच्या आतला भाग धन आहे की ऋण, याची छोटी आकृतीही अडॅप्टरवर असते, ती दोन्हीकडे सारखी आहे याची खात्री करावी.

विजा चमकू लागल्या की मात्र यूपीएस असला तरी भिंतीतला प्लग काढून ठेवावा. बॅटरीवर बॉक्स चालतच राहील, आणि विजेच्या खांबावरून येणाऱ्या झटक्याची वाट तुटलेली असेल.